बोटीची सफर : मुलांसह, आजीसह

शाळेची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी 'या खेपेला कुठे?' हा प्रश्न निघतो. गेल्या वर्षी थोरल्याने मोबाईलवर मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजाचे चित्र दाखविले आणि धाकटी तेच धरून बसली. आम्ही गडहिंग्लजकर. आमची हिरण्यकेशी उगवते आंबोलीला, पण समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वाहते. मुलांनी बोट पाहिली ती चित्रातच.

कोल्हापुरात जाऊन चौकशी केली. मुंबई-गोवा मार्गावर 2018 साली 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली होती, ती 2020 नंतर चालली नाही. 2021 पासून 'कॉर्डेलिया'चे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप या बाजूला जाऊ लागले. राहणे, जेवण, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ, रात्रीचे कार्यक्रम हे भाड्यातच असते. मद्य आणि जुगाराचा खर्च वेगळा. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त. तरीही आम्ही चौघे आणि आई, असा दोन रात्रींचा हिशेब मांडला तेव्हा हातात पडणारा महिन्याचा पगार पुरेना. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. कर्ज काढून मात्र जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सारे ऐकून आई हसली. तिचे माहेर वेंगुर्ल्याकडचे. लहानपणी ती मामाकडे मुंबईला बोटीनेच जाई. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत बोट जायची. बोट लांब उभी राहायची आणि होडीतून तिच्यापर्यंत जावे लागायचे. डेकवर पथारी टाकायची, घरची भाकरी सोडायची आणि बोट लागली की रात्रभर ओकत बसायचे! "त्याला तुम्ही आता पैसे देऊन सहल म्हणता?" असे तिने विचारले. पण डोळ्यांत पाणी होते. ती प्रवासी वाहतूक बंद पडून कित्येक वर्षे झाली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या ऐपतीची सफर काढली. आजरा, आंबोली, सावंतवाडी या वाटेने एस.टी.ने घाट उतरलो. पहिला मुक्काम किनाऱ्यावरच्या एका गावी. तेथे एका होडीवाल्याने माणसे भरली, पण लाईफ जॅकेटे गाठोडे बांधून कोपऱ्यात टाकलेली. मागितली तेव्हा "दहा मिनिटांचे पाणी आहे, साहेब" असे उत्तर मिळाले. धाकटीला दिलेले जॅकेट मोठ्या माणसाचे. हात वर केले की डोक्यावरून निघून यायचे. आम्ही सर्वांना घेऊन खाली उतरलो. मुले रडली. बरोबरचे प्रवासी आमच्याकडे विचित्र नजरेने पाहत होते.

वाचकहो, हा भित्रेपणा नव्हे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसे गेली. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 जण दगावले. 'नीलकमल'च्या बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हते. मोठ्या जहाजावर मात्र सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रत्येक प्रवाशाला कवायत करावी लागते : भोंगा वाजला की कुठे जमायचे, जॅकेट कसे बांधायचे. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाल्यावर 1914 मध्ये यासंबंधी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पैसेवाल्यांच्या जहाजावर जो नियम, तो दहा मिनिटांच्या होडीवर का नको? मुलाचे जॅकेट त्याच्या मापाचे, शक्यतो पायांमधून पट्टा असलेले मागून घ्या. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, किनाऱ्यावरची ही वाहतूक बंद असते. त्या दिवसांत कोणी नेतो म्हटले तरी जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी पणजी गाठली. संध्याकाळी मांडवीच्या पुलाजवळून नदीत फेरी मारणाऱ्या बोटी सुटतात, तासाभराची सफर. वर कोंकणी गाणी आणि नाच. तिकीट काढताना बोट कुठली ते नीट विचारावे, कारण त्याच नदीत जुगाराची जहाजेही उभी असतात. येथे जॅकेटे अंगाशी बसणारी मिळाली. मुले नाचली. बोट लागण्याची भीती असेल त्यांनी पोटभर न जेवता, मधोमध, मोकळ्या हवेत बसून दूरवर नजर ठेवावी. आईचा आल्याचा तुकडाही उपयोगी पडला.

पण आईला खरी गोडी लागली ती पणजी-बेतीच्या सरकारी फेरीबोटीची. पायी माणसाला तिकीटच नाही. मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरे, सारे एकाच डेकवर. बेतीला पोचलो तरी ती उतरेना. कठडा धरून उभीच. आम्ही तीन वेळा नदी ओलांडली आणि गडहिंग्लजची गाडी चुकवली.