शंभरात चार, तीस वेळा

एखाद्या परीक्षेत शंभरापैकी शहाण्णव मुले उत्तीर्ण होतात असे ऐकले, तर ती परीक्षा सोपी आहे असेच तुम्ही म्हणाल. पण तीच परीक्षा ओळीने तीस वेळा द्यायची असेल आणि एकदा जरी नापास झाले तरी सारे संपणार असेल, तर? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबफेकी विमानांतील तरुणांपुढे नेमके हेच गणित होते.

इंग्लंडच्या पूर्वेला लिंकनशायर नावाचा सपाट परगणा आहे. १९४३-४४ साली तेथील विमानतळांवरून चार इंजिनांची लँकेस्टर विमाने रात्री जर्मनीकडे झेपावत. एका स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या एका तुकडीत, साधारणपणे वीसएक विमाने असत. प्रत्येक विमानात सात जण असत : वैमानिक, इंजिनांवर लक्ष ठेवणारा, मार्ग काढणारा, बाँब टाकणारा, बिनतारी संदेश पाहणारा आणि दोन मशीनगन चालवणारे. बहुतेकांचे वय विशीच्या आसपास!

सकाळी त्या रात्री कोणी जायचे याची यादी लागे. दुपारी विमान थोडा वेळ उडवून तपासले जाई. इकडे जमिनीवरचे कर्मचारी पेट्रोल आणि बाँब भरत असत. उड्डाणाच्या वेळी विमानाचे एकूण वजन सुमारे २९ टनांहून फारसे वाढवता येत नसे. म्हणून लांब जायचे तर पेट्रोल जास्त आणि बाँब कमी. जवळ जायचे तर याच्या उलट. त्यामुळे आज किती पेट्रोल भरायला सांगितले आहे, यावरून हे कर्मचारी मोहीम कितपत दूरची आहे याचा अंदाज बांधत. विमानातील लोकांना मात्र लक्ष्य कळे ते सभेत, भिंतीवरच्या नकाशावरील पडदा दूर झाल्यावर.

संध्याकाळी जेवण उरकून विमाने उडत. सुमारे ६ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. तेथे प्राणवायूचा मुखवटा निघाला तर थोड्याच वेळात शुद्ध हरपते. तापमान उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरे. शेपटीत एकटा बसणारा मशीनगनवाला विजेच्या तारा शिवलेला पोशाख घालत असे. तारेतून प्रवाह गेला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. आपल्या विजेच्या शेगडीतले तत्त्व तेच. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटून निघत असे.

सहा-आठ तासांनी विमाने परतत. आलेल्यांना चहा मिळे आणि प्रश्न विचारले जात. न आलेल्यांचे सामान दुसऱ्या दिवशी गोळा केले जाई आणि त्यांच्या खाटांवर नवे तरुण येत.

आता गणित पाहू. एका माणसाची पहिली पाळी ३० मोहिमांची असे. दर मोहिमेत शंभरापैकी ४ विमाने परतत नाहीत असे धरू. एका मोहिमेतून सुखरूप येण्याची संभाव्यता ०.९६. दोन मोहिमांसाठी ०.९६ × ०.९६. तीस मोहिमांसाठी ०.९६ स्वतःशीच तीस वेळा गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ०.२९. म्हणजे शंभरातील फक्त २९ जण पाळी पुरी करतील!

येथे चाणाक्ष विद्यार्थी शंका काढेल : अनुभव वाढला की धोका कमी होणार नाही का? तसे असेल तर हा गुणाकार चुकीचा ठरेल. शंका योग्य आहे. पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले फ्रीमन डायसन १९४३ साली, अवघ्या १९ व्या वर्षी, या दलाच्या मुख्यालयात संख्याशास्त्राचे काम करू लागले. अनुभवाने जीव वाचतो, असे तरुणांना सांगितले जात होते. डायसन यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा १९४४ साली अनुभवी आणि नवख्या तुकड्या सारख्याच प्रमाणात नष्ट होत असल्याचे त्यांना आढळले.

दुसरा आकडा याहून बोलका होता. पाडल्या गेलेल्या अमेरिकी विमानांतून सुमारे निम्मे लोक वाचत. लँकेस्टरमधून जेमतेम १५ टक्के. एक कारण साधे होते. विमानाच्या नाकाडातील सुटकेचे दार फक्त २२ इंच रुंद होते. जाड कपडे आणि हवाई छत्री घातलेल्या माणसाला अंधारात, कोसळत्या विमानातून त्या दारातून निसटणे कठीण जाई. डायसन यांचे एक सहकारी हे दार मोठे करण्यासाठी झगडले. पण निर्णय अमलात येईपर्यंत युद्ध संपत आले होते.

या दलातील सुमारे सव्वा लाख लोकांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. त्यांच्या बाँबखाली जर्मनीतील लाखो नागरिक मेले. १९४३ च्या जुलै महिन्यात एकट्या हँबुर्गमध्ये सुमारे चाळीस हजार. मुख्यालयातील तक्त्यात यातले काही दिसत नसे. तेथे दिसे तो '४ टक्के' हा लहानसा आकडा.

मित्रांनो, ४ टक्क्यांऐवजी २ टक्के धरून हाच गुणाकार स्वतः करून पहा. उत्तर सुमारे ०.५५ येईल. दोनच टक्क्यांचा फरक, पण त्यामुळे शंभरातील २६ तरुण अधिक घरी परतले असते.