हॅश ही संख्या नव्हे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पालीत बल्लाळेश्वराच्या वाटेवरच्या एखाद्या दुकानातलं सीसीटीव्ही चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचं, तर त्यासोबत त्याचा हॅश, म्हणजे फाइलच्या आशयावरून काढलेला डिजिटल ठसाही द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात त्यासाठी जागाच ठेवली आहे. तो हॅश वाचणारा प्रोग्रॅम ढिला असेल, तर खऱ्या पुराव्यावरही शंका येते.

गैरसमज : हॅश म्हणजे एक मोठी संख्या.
वस्तुस्थिती : एसएचए-२५६ चा हॅश म्हणजे ३२ बाइट, हेक्साडेसिमलमध्ये ६४ अक्षरं. जावास्क्रिप्टची साधी संख्या ५३ बिटांपुढे अचूक राहत नाही, त्यामुळे parseInt वापरलं की हॅशचा बहुतेक भाग हरवतो. शिवाय सुरुवातीची शून्यं गळतात, आणि सरासरी सोळातला एक हॅश शून्यानेच सुरू होतो. म्हणून हॅश बाइट म्हणूनच साठवा.

गैरसमज : अक्षर चुकलं तर तयार फंक्शन ओरडेलच.
वस्तुस्थिती : पायथॉनच्या int ला सोळाच्या पायावर देवनागरी '१२' दिलं, तर ते निमूट १८ सांगतं, मधला अंडरस्कोअरही चालवून घेतं. मराठी कीबोर्डवर टाइप झालेल्या प्रमाणपत्रात हे सहज घडेल. जावास्क्रिप्टचं parseInt पहिल्या चुकीच्या अक्षरापाशी थांबतं आणि तिथवरचंच उत्तर देतं. पायथॉनचं bytes.fromhex देवनागरी अंक नाकारतं, पण मोकळ्या जागा वगळून पुढे जातं. म्हणून लांबी आधी मोजा.

गैरसमज : वेग हवा तर तपासणी वगळावी.
वस्तुस्थिती : खरा वेळ जातो तो कित्येक जीबीचं चित्रण वाचून हॅश काढण्यात, ६४ अक्षरं तपासायला नगण्य वेळ लागतो. लाखो हॅश असतील तर २५६ नोंदींचा तक्ता करा: प्रत्येक बाइटसमोर ० ते १५ किंवा 'अवैध'. तपासणी आणि रूपांतर एकाच फेरीत होतं.

गैरसमज : एकीकडे मोठी एबीसीडी, दुसरीकडे लहान, म्हणजे फाइल बदलली.
वस्तुस्थिती : हेक्साडेसिमलमध्ये दोन्हींचं मोल एकच. फाइलचं नाव बदलल्यानेही हॅश बदलत नाही. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेलं चित्रण मात्र दाबून लहान होतं आणि त्याचा हॅश बदलतो.

क्रम पक्का ठेवा: आधी पद्धतीचं नाव, मग लांबी (एमडी५ ला ३२, एसएचए-१ ला ४०, एसएचए-२५६ ला ६४), मग प्रत्येक अक्षर, शेवटी बाइटांची तुलना. यातलं काहीही चुकलं तर हॅश परस्पर दुरुस्त करू नका. तो नाकारा आणि कारण नोंदवा.