विहार, ध्यानकेंद्र आणि मौन

शाळेत शिक्षकांच्या तोंडून सर्वांत अधिक वेळा निघणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर “गप्प बसा” हेच उत्तर द्यावे लागेल. आमच्या घरची बोली कोंकणी. तीत आई आम्हांस “ओगी राव” म्हणून दटावीत असे. चिकोडीच्या बाजारात तोच हुकूम कन्नडमध्ये “सुम्मनिरु” असा कानी पडतो. भाषा तीन, पण अर्थ एकच : मोठ्याने लहानाचे तोंड बंद करावे. परंतु स्वतःच्या इच्छेने पाळलेले मौन म्हणजे काय, हे आम्हीही या वर्षीच्या एका लहानशा सहलीपर्यंत पुरते जाणले नव्हते.

या सहलीचा उगम एका प्रश्नात आहे. इतिहासाच्या तासास बौद्ध लेण्यांचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्या गावातल्या विहारात आम्ही गेलो तर चालते का?” वर्गात क्षणभर शांतता पसरली. विचारणारा ज्या रस्त्याने रोज शाळेत येतो, त्याच रस्त्यावर तो विहार आहे. आणि त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचे घर विहारास लागून आहे. तो मित्रच हसून म्हणाला, “दार उघडेच असते की!” उघड्या दारावरून वर्षानुवर्षे जावे आणि आत डोकावूही नये, हा दोष मुलांचा नव्हे, आम्हां वडीलधाऱ्यांचा आहे, असे आम्हांस त्या वेळी वाटले. पुढच्याच रविवारी आम्ही मुलांना घेऊन विहारात गेलो.

‘विहार’ हा शब्द मूळचा भिक्षूंच्या निवासस्थानाचा. एरवी गावोगाव फिरणारे भिक्षू पावसाळ्यात एके ठिकाणी राहत. त्यास वर्षावास म्हणतात. अशा निवासांतून विहार उभे राहिले. कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरात अशी लेणी आजही पाहावयास मिळतात : मध्ये चौक, भोवती भिक्षूंच्या खोल्या, आणि काही ठिकाणी पूजेचा स्तूप. त्या डोंगराच्या परिसरातून वाहत जाणारी कृष्णा पुढे आपल्याच तालुक्यात यडूरला येते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा इतिहास आपणांस परका वाटू नये.

आजचा विहार मात्र लेण्यासारखा नाही. एक स्वच्छ दालन, समोर बुद्धमूर्ती, शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर, आणि बसण्यास सतरंज्या. तेथे जमलेले लोक पाली भाषेत त्रिशरण व पंचशील म्हणतात. बुद्ध, धम्म व संघ यांस शरण जाणे हे त्रिशरण. आणि जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून दूर राहण्याचा संकल्प म्हणजे पंचशील.

या विहारांचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीस मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर रोजी, बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा बदलली, परंतु दीक्षेची लाट सीमेपाशी थांबली नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून विहार उभे राहिले. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवरून परतविले गेले, त्यांनी आपले दार मात्र सर्वांस उघडे ठेविले. हे आम्ही सांगत असता प्रश्न विचारणारा विद्यार्थी खाली मान घालून ऐकत होता.

विहार पाहिल्यावर मुलांनी विचारले, “ध्यान कसे करतात?” त्याचे उत्तर शोधीत आम्ही निपाणी, कागल, कोल्हापूर या मार्गाने हातकणंगले तालुक्यातील आळते येथील ‘धम्मालय’ या विपश्यना केंद्रात गेलो. शिबिर चालू असता केंद्रात पाहुण्यांनी वावरणे योग्य नव्हे. म्हणून आगाऊ परवानगी घेऊन मधला दिवस निवडला होता. आळत्याचा परिसर मोठा मौजेचा आहे. जवळच रामलिंग हे शंकराचे स्थान आहे, कुंथुगिरी हे जैनांचे क्षेत्र आहे, आणि येथेच हे केंद्र. तीन परंपरा एकमेकींच्या शेजारी सुखाने नांदत आहेत.

ध्यानाच्या दालनात शिरताच मुलांनी चौफेर पाहिले. “सर, मूर्ती कोठे आहे?” मूर्ती नव्हतीच. धूप नाही, घंटा नाही. केवळ ओळीने मांडलेली आसने. विहार हे वंदनेचे स्थान, तर हे केंद्र म्हणजे मनाची तालीम होय, हा भेद मुलांना तेथेच उमगला.

या साधनेचे भारतातील पुनरुज्जीवन करणारे सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात, मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीने ते हैराण झाले होते. सयाजी ऊ बा खिन या ब्रह्मी गृहस्थांकडे ते गेले, तेव्हा गुरूंनी सांगितले की केवळ डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका. मनाच्या शुद्धीसाठी या. १९५५ पासून चौदा वर्षे साधना करून १९६९ मध्ये ते भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. पुढे इगतपुरीस ‘धम्मगिरी’ हे केंद्र उभे राहिले. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

शिबिर दहा दिवसांचे असते. पहाटे चार वाजता घंटा होते; रात्री नऊपर्यंत मधले विश्राम सोडून सुमारे दहा तास ध्यान. बोलणे, वाचणे, लिहिणे, दूरध्वनी, सारे वर्ज्य. या मौनास ‘आर्य मौन’ म्हणतात. त्यात खाणाखुणाही करावयाच्या नसतात. अडचण आल्यास मात्र आचार्यांस विचारता येते. आरंभीचे दिवस ‘आनापान’, म्हणजे नाकपुड्यांतून येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहणे. प्राणायामात आपण श्वासाचे नियमन करतो. येथे त्यास मुळीच हात लावावयाचा नाही. चौथ्या दिवसापासून ‘विपश्यना’ : मस्तकापासून पायापर्यंत शरीरावरील संवेदना पाहावयाच्या, सुखद असो वा दुःखद, ती अनित्य आहे हे जाणून समता राखावयाची. अखेरीस सर्व जिवांसाठी मंगल मैत्रीची भावना. शिबिरास शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या ऐच्छिक दानावर सारे चालते. मुलांसाठी आनापानाची छोटी शिबिरेही घेतली जातात.

तेथे आम्ही सर्वजण दहा मिनिटे श्वास पाहत बसलो. खरे सांगावयाचे तर आमचे मन तिसऱ्याच मिनिटास उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे धावले! बाहेर आल्यावर वर्गातील सर्वांत खोडकर मुलगा म्हणाला, “सर, मी गप्प होतो, पण डोक्यात केवढा गलका!” आम्हांस हसू आले, आणि लाजही वाटली. इतकी वर्षे आम्ही मुलांचा बाहेरचा गलका बंद करीत होतो. आतल्याची वास्तपुस्त कधी केली नव्हती.

आता आठवड्याचा पहिला तास आम्ही पाच मिनिटांच्या स्तब्धतेने आरंभितो. त्याने मुले एकाएकी शहाणी झाली, असा आमचा दावा नाही. परंतु “गप्प बसा” हे वाक्य आमच्या तोंडी कमी येते, एवढे खरे. आणि वैशाख पौर्णिमेस विहारातील वंदनेस आमच्या वर्गातील बरीच मुले गेली होती. पहिला प्रश्न विचारणारा आणि त्याचा बाकावरील मित्र शेजारी शेजारी बसले होते. दार तर पूर्वीपासून उघडेच होते; पाऊल मात्र आपणांस टाकावयाचे होते.