बेचाळिशीपर्यंतची भरती



गेल्या वर्षी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा सदतीस वर्षांचा एक भाऊ वर्तमानपत्राचा कातरलेला तुकडा घेऊन माझ्याकडे आला. त्याचा मुलगा आमच्या वसतिगृहात शिकतो. याला विशीपासून सैन्यात जायचे होते. पण त्या वर्षांत दिवाळीनंतर सगळे घर गुजरातेत ऊसतोडीला जाई, आणि भरतीची बातमी पाड्यावर पोहोचेपर्यंत भरती होऊन गेलेली असे. "आता वय गेले," असे मी म्हणणारच होतो. तुकड्यात मात्र वयाची मर्यादा ४२ लिहिली होती.

ती जाहिरात टेरिटोरियल आर्मीची होती. आपल्यापैकी पुष्कळांना हे दल ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. १९४९ साली ९ ऑक्टोबरला त्याचे उद्घाटन झाले. नेहमीच्या सैन्यभरतीत वय फार लवकर संपते. २०२२ ची अग्निपथ योजना आली तेव्हा मर्यादा साडेसतरा ते २१ होती, फक्त पहिल्या वर्षी ती २३ केली. टेरिटोरियल आर्मीत १८ ते ४२ वयाचे, आपला कामधंदा असलेले नागरिक घेतात. सुरुवातीचे प्रशिक्षण, मग दरवर्षी साधारण दोन महिने, आणि देशाला गरज पडेल तेव्हा बोलावणे. ही कायमची नोकरी नव्हे, पेन्शनचीही हमी नाही. म्हणून शेती किंवा हातचे काम सोडून कोणी येऊ नये, हे मी प्रत्येकाला आधी सांगतो.

शिपायाला उंची १६० सेंटिमीटर लागते. छाती ७७ आणि फुगवून ८२. खरी परीक्षा मैदानावर असते: १.६ किलोमीटर साडेपाच-पावणेसहा मिनिटांत, मग बीम, मग नऊ फुटांची खंदक-उडी.

इथे माझी चूक झाली. उसाच्या मोळ्या उचलणाऱ्याला धावणे काय अवघड, असे वाटून मी त्याला वीस दिवसांत तयार हो म्हणालो. तो डांबरी रस्त्यावर जुन्या कॅनव्हासच्या बुटांत दोन्ही वेळ धावला. दोन आठवड्यांत नडग्या दुखू लागल्या, मेळाव्यात सात मिनिटांच्या वर वेळ लागली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडला. परतीच्या एसटीत तो एक शब्द बोलला नाही. नंतर कळले की दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि स्नायूंना जोडणारे दोर यांना महिने लागतात. चाळिशीकडे झुकलेल्या शरीराला तर अधिकच. तेव्हा आधी दीड-दोन महिने चालणे आणि हळू धावणे, तेही मातीवर, वेगाच्या फेऱ्या त्यानंतर आठवड्यातून एकदाच, आणि मध्ये विश्रांतीचे दिवस.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल बराच आहे, आणि वाहक माणूस बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधील अभ्यासात वाहकांचा मृत्युदर जास्त आढळला नाही, पण अतिश्रमाने स्नायू मोडून मूत्रपिंडाला धोका होण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणून आता आमच्याकडे धावायला येणाऱ्या प्रत्येकाची सरकारी दवाखान्यात तपासणी आधी होते. या भावाचे रक्त ठीक निघाले. त्याच्याबरोबर धावणारा त्याचा चुलतभाऊ वाहक निघाला. त्याला आम्ही उन्हात पळवत नाही, पाणी वरचेवर देतो, लघवी गडद झाली की त्याच दिवशी डॉक्टर. घ्यायचे की नाही ते सैन्याचे डॉक्टर ठरवतील.

मीही त्यांच्यासोबत निघतो. चव्वेचाळीस वर्षे, ईश्वरविद्येचा डिप्लोमा आणि घरोघरच्या चहाने वाढलेले पोट. दोन फेऱ्यांत बसतो आणि घड्याळ त्याच्या मुलाकडे देतो. मागच्या शनिवारी मुलाने वहीत लिहिले: बाबा, सहा मिनिटे वीस सेकंद, बीम आठ. पुढची जाहिरात येईपर्यंत त्याला पन्नास सेकंद कमी करायचे आहेत.