बिनकिनाऱ्याचं बेट

माझी मावशी वारासिवनी तालुक्यातल्या एका गावात राहते. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की पाय थेट बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. 2020 च्या पावसाळ्यात टाळेबंदीमुळे जाणं-येणं बंद होतं. एकदा फोनवर ती म्हणाली, "कंट्रोलचा तांदूळ सुपात घेतला तं हाताला पीठच लागते. कोंबड्यांना टाकला, त्या चोच मारून बाजूला झाल्या." मी हसलो. आमच्या घराण्यात कोंबड्यांच्या आवडीनिवडीची चर्चा नेहमीच होते.

महिन्याभरात त्या कोंबड्या सरकारी कागदावर आल्या.

30 जुलै ते 2 ऑगस्ट 2020 या चार दिवसांत केंद्राच्या पथकाने बालाघाट आणि मंडला या दोन जिल्ह्यांतली 31 गोदामं आणि एक रेशन दुकान तपासलं. 32 नमुने दिल्लीच्या प्रयोगशाळेत गेले. केंद्रीय अन्न मंत्रालयाने 21 ऑगस्टला मध्य प्रदेश सरकारला निष्कर्ष कळवला. हा तांदूळ माणसाने खाण्याजोगा नाही, तो शेळ्या, मेंढ्या, घोडे आणि कोंबड्या यांच्या खाद्याच्या प्रतीचा आहे. त्या दिवशी हरितालिका होती. जिल्ह्यातल्या बायका निर्जळी उपासाला बसल्या होत्या, आणि उपास सुटल्यावर जो भात शिजायचा होता त्याचं वर्णन फाइलीत लिहिलं जात होतं. मावशीच्या कोंबड्यांचं मत मात्र मंत्रालयापेक्षा कडक निघालं.

बालाघाटात खराब तांदूळ मिळावा याचं नवल बाहेरच्यांना कळायला जरा वेळ लागतो. हा जिल्हा मध्य प्रदेशाचं धानाचं कोठार. वैनगंगेच्या काठची काळी कन्हार जमीन, तळी-बोड्यांचं पाणी, आणि चिन्नोर नावाचा असा सुवासिक तांदूळ की शेजारच्या घरी शिजला तरी कळावं. त्याला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या जिल्ह्याच्या नावाने तांदूळ मानांकित झाला, त्याच जिल्ह्याच्या नावावर वर्षभर आधी जनावरांच्या खाद्याचा शिक्का बसला होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला बालाघाट ठाऊक असतो तो दोन कारणांनी, कान्हाचे वाघ आणि नक्षलवादी. डिसेंबर 1999 मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूरजवळ त्यांच्या स्वतःच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्यानंतर बालाघाटची बातमी म्हणजे बंदुकीची बातमी, ही सवयच लागली. तांदळाला आवाज नसतो.

वास्तविक हा आपलाच परसदार. 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे तुकडे जोडून हा जिल्हा तयार झाला. तेव्हा राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. पोवारी बोलणारी, मराठी समजणारी, लग्नाचे बस्ते गोंदियाला बांधणारी आणि ऑपरेशनला नागपूर गाठणारी माणसं भोपाळच्या हिशेबात आली. गोंदिया चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आणि भोपाळ रात्रभराच्या प्रवासावर. गोंदिया-जबलपूर छोटी लाइन रुंद करायचं काम 1990 च्या दशकात मंजूर झालं. छोटी गाडी 2015 साली कायमची थांबली, आणि बालाघाटहून जबलपूरपर्यंत मोठी गाडी सलग धावायला आणखी पाचेक वर्षं गेली. मधल्या काळात एक अख्खी पिढी बसने उलट्या करत मोठी झाली. आम्ही बेटावर राहतो असं मावसभाऊ म्हणतो, ते गमतीने नव्हे.

तांदळाकडे परत येतो, कारण सगळी मेख भरडाईत आहे.

शेतकरी सोसायटीच्या केंद्रावर धान घालतो. 2019-20 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 1815 रुपये होता. हे धान राज्याच्या नागरी पुरवठा महामंडळाचं होतं. हिंदीत ते नागरिक आपूर्ति निगम, आणि बोलताना नुसतं 'नान'. नानकडे धान आहे पण गिरण्या नाहीत, म्हणून धान करारावर मिलरकडे जातं. नियम असा की शंभर किलो धानामागे मिलरने 67 किलो तांदूळ परत करायचा. त्या तांदळात वजनाने चौथा हिस्सा तुकडा तेव्हाच्या नियमातच चालत होता. भरडाईपोटी केंद्र देतं क्विंटलला 10 रुपये, वर राज्याची काही प्रोत्साहन रक्कम. कोंडा, कनकी, भुसा मिलरला राहतो. वीज, हमाली, वाहतूक, गिरणीचं कर्ज हे सगळं यातून भागवा, असं सरकार म्हणतं. मिलरच्या बाजूने बोलायची मला हौस नाही, पण दहा रुपयांत प्रामाणिकपणा विकत घेण्याची ही कल्पना ज्याला सुचली त्याने कधी गिरणीत पाऊल टाकलेलं नसावं.

खरी फट पुढे आहे. जे धान दिलं त्याचाच तांदूळ परत आला का, हे साल निघाल्यावर डोळ्यांनी ओळखता येत नाही. नवा, चांगला तांदूळ खुल्या बाजारात विकायचा आणि कुठला तरी जुना, स्वस्त, किडका तांदूळ आणून सरकारी गोदामात 67 किलोचा हिशेब पुरा करायचा. वजन बरोबर, कागद बरोबर. बालाघाटात असंच झाल्याचा संशय होता. रेशनवर वाटलेला तांदूळ गावोगाव गोळा होऊन पुन्हा गिरणीत आणि पुन्हा गोदामात पोचतो, ही तर धानपट्ट्यात कुणी लपवतसुद्धा नाही अशी गोष्ट. छत्तीसगड आमच्या शेजारचं, 2000 पर्यंत एकाच राज्यातलं. तिथल्या 'नान'च्या कचेऱ्यांवर 2015 साली छापे पडले आणि हलक्या तांदळाचं मोठं प्रकरण उघड झालं. बालाघाटात कुणी ते वाचलंच नसेल असं नाही. काहींनी अभ्यासक्रम म्हणून वाचलं असेल.

आता या साखळीत सह्या मोजा. केंद्रावर धान घेणाऱ्याची, धान उचलण्याचा आदेश (डीओ) काढणाऱ्याची, मिलरची, तांदूळ पास करणाऱ्या गुणवत्ता निरीक्षकाची, गोदामवाल्याची, वाहतूकदाराची, दुकानदाराची. शेवटी येतो खाणाऱ्याचा अंगठा, पॉस मशीनवर. इतक्या सगळ्यांत खात्रीने पडताळला जातो तो एवढा एकच. अंगठा जुळला नाही तर तांदूळ मिळत नाही. तांदूळ जुळला नाही तर कुणाचंच काही अडत नाही.

आता एका खऱ्याखुऱ्या बेटाकडे जाऊ. केंद्राचं पथक बालाघाटची गोदामं उघडायला निघालं त्याच आठवड्यात, 25 जुलै 2020 ला, हिंदी महासागरात 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात रुतलं. कप्तान भारतीय. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणलं होतं, असं पुढे चौकशीत आलं. सरकार बारा दिवस जहाजाकडे बघत राहिलं. 6 ऑगस्टला तेल गळू लागलं, सुमारे हजार टन. तेव्हा लोकच समुद्रात उतरले. त्यांनी कापडी नळ्यांत उसाचं पाचट भरून तरंगते बांध केले आणि तेल शोषायला डोक्याचे केस कापून दिले. हे काम आमच्यावर सोपवा, असं सरकारने सांगून पाहिलं, पण कुणी ऐकलं नाही.

त्या पाचटाशी आपलं नातं आहे. 1834 पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला ऊस तोडायला नेले गेले, त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी उपभोगतात. 2020 चे गणपती आले तेव्हा एका बाजूच्या किनाऱ्यावर अजून तेलाचा थर होता. 29 ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईत हजारो माणसं काळे कपडे घालून रस्त्यावर आली.

राग नुसत्या तेलाचा नव्हता. 2018 साली राष्ट्राध्यक्ष अमीना गुरीब-फकीम यांना एका संस्थेच्या क्रेडिट कार्डावरच्या खरेदीमुळे पद सोडावं लागलं होतं. तेलगळतीच्या सहा आठवडे आधी वीजकेंद्राच्या कंत्राटातल्या लाचेच्या प्रकरणावरून उपपंतप्रधानांना काढलं गेलं. मग ऑक्टोबर 2024 मध्ये टॅप केलेली फोन-संभाषणं इंटरनेटवर आली. सरकारने निवडणुकीपर्यंत समाजमाध्यमं बंद करण्याचा हुकूम काढला आणि दिवसभरात मागे घेतला. 10 नोव्हेंबरच्या मतदानात 62 पैकी 60 जागा विरोधकांना गेल्या आणि सत्ताधाऱ्यांना एकही नाही. साठ-शून्य हा निकाल या देशाने 1982, 1995 आणि 2024 असा तीनदा लावला आहे. पायउतार झालेले पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना फेब्रुवारी 2025 मध्ये मनी लाँड्रिंगच्या तपासात अटक झाली. आरोप त्यांना मान्य नाहीत.

मॉरिशसला तीर्थक्षेत्र बनवायचा माझा विचार नाही. जे निवडून आले ते नवीन रामगुलाम नावापुरतेच नवीन, याआधी दोनदा पंतप्रधान झालेले. 2015 साली घरात सापडलेल्या रोकडीवरून त्यांनाही अटक झाली होती. तुरुंगवासाची शिक्षा झाली ती जहाजाच्या कप्तानाला आणि त्याच्या दुय्यमाला, वीस-वीस महिने. मोठे मासे तिथेही जाळ्यापेक्षा मोठेच असतात.

तरीही एक आकडा मला सोडत नाही. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे 2040 चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. बालाघाट जिल्हा 9229 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 17 लाखांवर. म्हणजे क्षेत्रफळाने आमचा एक जिल्हा त्या देशाच्या साडेचारपट. त्यांना पंतप्रधान आहे, संसद आहे, सरकार पाडायची सोय आहे. आमच्याकडे कलेक्टर आहे, आणि 230 च्या विधानसभेत सहा आमदार.

2023 च्या निवडणुकीत राज्यात भाजपने 163 जागा घेतल्या, पण बालाघाट जिल्ह्याने सहापैकी चार काँग्रेसला दिल्या आणि अनेक वर्षं मंत्री राहिलेले गौरीशंकर बिसेन यांना घरी बसवलं. तांदळामुळे बसवलं असं मी म्हणणार नाही. मतदानाची कारणं जात, धान, लाडली बहना योजना, उमेदवाराची जीभ अशी दहा असतात. पण समजा केवळ तांदळामुळे असतं, आणि सहाच्या सहा जागा गेल्या असत्या, तरी भोपाळला काय फरक पडला असता? छोट्या बेटावर राग किनाऱ्याला आपटून परत येतो, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानाच्या दारात. आमचा राग वैनगंगेबरोबर वाहत गोदावरीला मिळतो.

आणि जबाबदारीही तशीच वाहून जाते. मार्च 2020 मध्ये कमलनाथ सरकार पडून शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले होते. केंद्राचं पत्र बाहेर आल्यावर वाद रंगला तो खराब तांदूळ कुणाच्या कारकिर्दीतला यावर. धान एका सरकारने घेतलं, भरडलं दुसऱ्याच्या काळात, तपासलं तिसऱ्याने, दिल्लीच्या. मुख्यमंत्र्यांनी चौकशी आर्थिक गुन्हे शाखेकडे दिली. गिरण्या सील झाल्या, मिलमालक आणि अधिकारी यांच्यावर गुन्हे नोंदले गेले. व्यापमंच्या राज्यात राहणाऱ्याला 'चौकशी' या शब्दाने हुरूप येत नाही. परीक्षांचा तो घोटाळा 2013 मध्ये फुटला, 2015 मध्ये सीबीआयकडे गेला, आणि तोवर आरोपी व साक्षीदारांच्या मृत्यूंची यादीच एक वेगळी बातमी झाली होती.

लोकांनी सत्ता उलथल्याचं श्रीलंकेचं उदाहरण आता उठसूट दिलं जातं, पण तिथेही मूळ भातातच होतं. 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली, भाताचं पीक कोसळलं, आणि जुलै 2022 मध्ये जमाव राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात घुसला. तिथे ताट रिकामं झालं होतं. बालाघाटात ताट भरलेलं होतं. एप्रिल 2020 पासून माणशी पाच किलो धान्य फुकट जादा मिळत होतं, आणि फुकट मिळालेल्याबद्दल कुरकुर कशी करायची, हा संकोच मावशीच्या आवाजातही मला ऐकू आला. फुकट? त्या धानाचे पैसे करातून गेले होते, आणि धान तिच्याच तालुक्यातल्या शेतांतलं होतं. एका अर्थी ती स्वतःचंच धान कोंबड्यांच्या प्रतीत परत घेत होती. मोर्चा निघाला नाही. तिने तांदूळ निवडला, तीनदा धुतला आणि शिजवला.

यंदा दिवाळीला मावशीकडे जाईन तेव्हा चिन्नोरचे पोहे मिळतील, हे नक्की. रेशनच्या तांदळाचं तसं नाही. तुम्ही गोंदियाला असा, वारासिवनीला असा की पुण्यात, तुमच्या घरी धुणीभांडी करणारी बाई रेशनचा तांदूळ खात असणार. तांदळाच्या पोत्यावर मिलचं नाव, हंगामाचं वर्ष आणि लॉटचा नंबर असावा असा नियम आहे. दुकानदार तांदूळ सुटा मोजून देतो, म्हणून खाणाऱ्याला ते पोतं कधी दिसत नाही. एकदा तिच्याबरोबर दुकानात जा, अंगठा लावण्याआधी पोतं दाखवा म्हणा, आणि त्यावरचं वर्ष वाचून तिला सांगा.