बेकारी, वनराई आणि एक छावणी

श्रोतेहो, हाताला काम नसणं म्हणजे काय, हे दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तिथे दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार झाला. तरणी पोरं कामासाठी गावोगाव भटकू लागली. दुसरीकडे बेसुमार तोडीने डोंगर उघडे पडले होते, पावसाबरोबर माती वाहून जात होती.

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध योजलं. ४ मार्च १९३३ रोजी ते अधिकारावर आले. ३१ मार्चला कायदा झाला आणि १७ एप्रिलला व्हर्जिनिया राज्यात, लुरे गावाजवळच्या जंगलात पहिली छावणी उघडली. तिचं नाव कॅम्प रूझवेल्ट. पुढे अशा छावण्या देशभर झाल्या.

आता व्यवस्था पाहा. एका छावणीत साधारण दोनशे मुलं, अविवाहित आणि गरीब घरची. सुरुवातीला वय १८ ते २५. निवड मजूरखात्यानं करायची, जेवणखाण आणि निवारा लष्करानं पाहायचा, रानातलं काम वनखात्यानं सांगायचं. पगार महिना ३० डॉलर; त्यातले २५ बहुधा परस्पर घरी जात. पोरगा रानात राबला की मागे घरची चूल पेटे. झाडं लावणं, वणवे विझवणं, रस्ते करणं, ओघळींना बांध घालणं, अशी ही कामं. ‘बाहेरची पोरं आमची मजुरी बुडवणार’ अशी आसपासच्या लोकांना धास्ती होती. म्हणून तिथल्याच जाणत्या माणसांना पोरांना काम शिकवायला नेमलं. विरोध निवळला, आणि पोरांना कुऱ्हाड नीट धरता येऊ लागली!

शिक्षक बंधुभगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संध्याकाळी छावण्यांतून वर्ग भरत. ४०,००० हून अधिक निरक्षर तरुण तिथे लिहावाचायला शिकले.

पण उणं असेल तेही सांगितलं पाहिजे. या छावण्यांत मुलींना प्रवेश नव्हता. वर्णावरून भेद करू नये, असं कायद्यातच लिहिलं होतं. तरी १९३५ पासून कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवलं गेलं.

महायुद्ध आलं, पोरं सैन्यात आणि कारखान्यांत गेली, आणि १९४२ साली योजना बंद झाली. नऊ वर्षांत सुमारे ३० लाख जण या कामावर येऊन गेले; सुमारे ३०० कोटी झाडं लागली.

तेव्हा मंडळी, रोजगाराची कोणतीही योजना तपासताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. काम संपल्यावर मागे काय उरलं? आणि दार कोणाला बंद राहिलं?