मुंबईच्या वाट्याला एक गाणं

कान आणि कॅमेरा : लेखांक ९

मागच्या रविवारी मणी कौल यांच्या 'ध्रुपद'वर लिहिलं आणि सोमवारी सकाळीच एका वाचकाचा फोन आला. "ध्रुपद झालं, भीमसेनजी झाले, लावणी झाली. आता आमच्या चिरंजीवांच्या बोंबाबोंबीवर लिहा की एकदा." चिरंजीव पुण्यात इंजिनीअरिंगला आहेत. सुट्टीला येतात ते काळ्या टी-शर्टात, आणि टी-शर्टावर कवटी. वडिलांनी टोमणा मारला, मी तो आठवड्याचं काम म्हणून घेतला. हेवी मेटलवर माहितीपट काढायची हौस जगात जुनी आहे, आणि त्या ढिगाऱ्यात आपल्या मुंबईचाही एक कोपरा आहे.

त्या कोपऱ्यापासून निघू. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान. आयर्न मेडन या इंग्लिश बँडने आपल्या जगदौऱ्याचा नारळ मुंबईत फोडला. बँड, कामगार आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७ विमानात, आणि ते विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. ४५ दिवस, २३ कार्यक्रम, जवळपास ८० हजार किलोमीटर. कॅनडाचे सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन कॅमेरे घेऊन बरोबर फिरले आणि २००९ साली 'फ्लाइट ६६६' आला.

माझा एक मित्र त्या मैदानात होता. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेला, कार्यक्रम संपला तेव्हा परतीची सिद्धेश्वर हुकलेली होती, रात्र दादरच्या फलाटावर काढली. पुढे त्याने डीव्हीडी मागवली आणि आम्ही ती अक्कलकोट रोडला त्याच्या काकांकडे पाहिली. त्यातल्या एका तबकडीवर नुसती गाणी आहेत, प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. पहिलंच, 'एसेस हाय', मुंबईचं. मित्राने ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं. स्वतःला शोधत होता. सापडला नाही. हजारो हात दिसतात, मैदान हलताना दिसतं, बँड तर लख्ख दिसतो. पण तो पोरगा कुठून आला, तिकिटाचे पैसे कुणाकडून उसने घेतले, घरी काय सांगून निघाला, यातलं काही नाही. नसणारच. विमान दुसऱ्या दिवशी पुढे निघालेलं. सिनेमा विमानाचा आहे, मैदानाचा नाही.

त्याच दुपारी काका चहाला आत आले. भिंतीपलीकडे त्यांचे टॉवेलचे सहा माग चालू. पडद्याकडे दोन मिनिटं पाहून म्हणाले, "काय बे, एवढी तोंडं वासतेत, आणि आवाज आमच्या मागापेक्षा बारीक."

मी यावर नंतर बराच विचार केला, कारण मेटलच्या माहितीपटाची मूळ अडचण त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकली होती. मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. मेटलच्या मैदानात पुढच्या रांगेत त्याहूनही जास्त. एवढ्या आवाजात कान हे एकटं इंद्रिय उरत नाही. बेस छातीत वाजतो, ढोलाचा ठोका पायातून वर येतो. आता हेच चित्रपटात कसं आणायचं? कॅमेऱ्यावरचा माइक असा आवाज आला की दबून जातो. म्हणून ध्वनीयंत्रणेच्या मिक्सरवरून प्रत्येक वाद्याचा वेगळा धागा घेतात, गर्दीसाठी निराळे माइक लावतात आणि महिन्यांनी स्टुडिओत बसून सगळं पुन्हा विणतात. आपण ऐकतो ती गर्दीची आरोळीसुद्धा कुणीतरी खुर्चीत बसून मोजून घातलेली असते. वर टीव्हीचे स्पीकर खालचे सूर जवळजवळ गाळूनच टाकतात, आणि मेटलचा सगळा जीव त्या खालच्या सुरांत.

मग संकलक दुसरा उपाय करतो. वजन आणता येत नाही तर वेग आणतो. दर ठोक्याला शॉट कापतो: बोटं, केस, घाम, हात, पुन्हा बोटं. सुरुवातीला हे बरं वाटतं. दहा मिनिटांनी लक्षात येतं की एकही गाणं आपण धड ऐकलं नाही. मणी कौल यांनी डागरबंधूंच्या आलापीपुढे कॅमेरा ठेवला आणि घाई केली नाही. तेवढा धीर मेटलपुढे धरलेला मी क्वचितच पाहिला. या संगीतातही सात-आठ मिनिटांच्या रचना असतात, त्यांना चढ-उतार असतो, पण त्या सलग दाखवायची हिंमत होत नाही.

आणि म्हणूनच, माझ्या मते, मेटलवरचे चांगले माहितीपट संगीताकडे पाठ फिरवून उभे असतात. हे विचित्र वाटेल, पण उदाहरणं पाहा. १९८६ च्या मे महिन्यात जेफ क्रूलिक आणि जॉन हेन हे दोघे अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जूडस प्रीस्ट या बँडच्या कार्यक्रमाला गेले आणि बाहेर पार्किंगमध्येच थांबले. 'हेवी मेटल पार्किंग लॉट' जेमतेम १७ मिनिटांचा. गाड्यांच्या बॉनेटवर बसलेली, बिअर पिऊन तर्र झालेली पोरं-पोरी मनाला येईल ते बोलतात. निवेदन नाही, तज्ज्ञ नाही, इतिहास नाही. आपल्याकडे पालखी गावात येण्याआधीची संध्याकाळ जशी असते तशी ती आहे. अजून काही घडलेलं नाही आणि सगळे आधीच चढलेले. मेटल ऐकणारा माणूस मला त्या १७ मिनिटांत जेवढा भेटला तेवढा पुढच्या अनेक दोन-दोन तासांच्या चित्रपटांत भेटला नाही.

दुसरं टोक म्हणजे पेनेलपी स्फीरिस यांचा १९८८ चा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन', भाग दुसरा. लॉस एंजलिसमधले चकचकीत केसांचे बँड. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. वॅस्प बँडचा गिटारवादक ख्रिस होम्स जलतरण तलावात तरंगत्या खुर्चीवर बसून व्होडका ढोसतो आहे आणि काठावर त्याची आई शांतपणे बघत बसली आहे. पण याच चित्रपटात गायक ऑझी ऑस्बॉर्न स्वयंपाकघरात नाश्ता बनवताना थरथरत्या हाताने संत्र्याचा रस सांडतो, आणि तो सांडण्याचा शॉट बनावट होता हे नंतर दिग्दर्शिकेनेच कबूल केलं. आपल्याला यात नवल वाटू नये. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांचं आयुष्य व्ही. शांतारामांनी १९४६ साली पडद्यावर आणलं आणि आजही गावात निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे कोटणीस म्हणून शांतारामच उभे राहतात. तो कथापट होता, त्याला मोकळीक होती. माहितीपटाला ती नसते, आणि तरी घेतली जाते. मेटलवाल्यांबाबत तर सर्रास. ते दारुडे, ते विध्वंसक हे आधीच ठरलेलं असलं की रस सांडायला कितीसा वेळ लागतो!

'मेटॅलिका : सम काइंड ऑफ मॉन्स्टर' (२००४) याच्या उलट आहे. जगातल्या सगळ्यात बलाढ्य बँडपैकी एक, आणि ते महिना ४० हजार डॉलर घेणाऱ्या समुपदेशकासमोर बसून 'तू माझं ऐकून घेत नाहीस' म्हणत भांडतात. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफस्की यांनी हे टिपलं. त्यातून जी तबकडी निघाली, 'सेंट अँगर', ती मला कधी पूर्ण ऐकवली नाही. चित्रपट मात्र तीनदा पाहिला. सामायिक घरात भावाभावांची वाटणी होते तेव्हाची शांतता ज्याने अनुभवली आहे त्याला त्यातला एकेक प्रसंग ओळखीचा वाटेल.

आता सॅम डनकडे परत यायला हवं, कारण आपला कोपरा त्याच्या हातात आहे. हा गडी मानववंशशास्त्र शिकलेला. २००५ च्या 'मेटल : अ हेडबँगर्स जर्नी'मध्ये त्याने मेटलची सगळी घराणी वंशावळीसारखी मांडली. आपल्याकडे ग्वाल्हेर-किराणा-जयपूर मांडतात तशी. ते काम चोख आहे. मग २००८ च्या 'ग्लोबल मेटल'मध्ये तो जग फिरायला निघाला: ब्राझील, जपान, भारत, चीन, इंडोनेशिया, इस्रायल, दुबई. इराणी पोरांना तो दुबईत गाठतो, कारण इराणमध्ये कॅमेरा नेणं शक्य नव्हतं. इंडोनेशियाच्या भागात १९९३ च्या जकार्तातल्या मेटॅलिकाच्या कार्यक्रमावेळी उसळलेली दंगल येते. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट संपताना सेपुल्तुरासारखे बँड कसे उभे राहिले ते कळतं. हे तिन्ही भाग धरून ठेवतात, कारण तिथे संगीताचा सत्तेशी सरळ सामना आहे.

भारत आला की चित्रपटाची पंचाईत होते. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचा साहिल माखिजा बोलतो, हुशारीने बोलतो. पण आपल्याकडे मेटलवर बंदी नाही, दंगल नाही, हुकूमशहा नाही. मग संघर्ष कुणाशी दाखवायचा? बॉलीवूडशी. घरोघरी सिनेमाची गाणी, आणि त्याविरुद्ध उभी ही पोरं. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. मुंबईच्या मेटलची खरी लढाई कंटाळवाणी आहे म्हणून ती पडद्यावर येत नाही. ती जागेची लढाई आहे. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' ज्या धोबी तलावच्या रंगभवनात रुजला, ते उघडं नाट्यगृह आजूबाजूच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि मोठ्या आवाजाला मुकलं. त्यानंतर आज या पबमध्ये, उद्या त्या कॉलेजच्या महोत्सवात. ढोलाचा संच टॅक्सीत बसत नाही, गिटार घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये चढता येत नाही, आणि नऊ ते सहा नोकरी सोडता येत नाही. यात कवटीही नाही आणि हुकूमशहाही नाही. पाहुणा चार दिवसांसाठी आला तर त्याला हे दिसणार कसं?

शिवाय विनोद. भयानक मौत या मुंबईच्या बँडचं नाव कुणा मराठी किंवा हिंदी माणसाला सांगून पाहा, तो आधी हसतो. ते नाव भीती घालतं आणि त्याच दमात रामसेपटांची थट्टाही करतं. इंग्रजी उपशीर्षकात त्यातलं फक्त मरण उरतं. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली दशावतारांवर अख्खा अल्बम केला, एकेका अवताराला एकेक गाणं. नृसिंहाची गोष्ट मेटलच्या गुरगुराटात मांडायला किती सोयीची आहे हे आपल्या आजीलाही पटेल, पण ते सांगायला कॅमेऱ्यामागचा माणूस ती आजी असलेल्या घरातला हवा. रॉय दीपांकर यांनी 'एक्स्ट्रीम नेशन'मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंका इथल्या टोकाच्या मेटलकडे इथल्याच डोळ्यांनी पाहायचा घाट घातला. दिशा बरोबर आहे. एका बँडबरोबर दोन-तीन वर्षं राहिलेला माहितीपट मात्र मला अजून हवा आहे.

राहण्याने काय फरक पडतो ते आपल्याला संक्रांतीला कळतं. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, हल्ली ड्रोनमधून दाखवतात. वरून पांढऱ्या बाराबंद्यांचा पूर दिसतो, काठ्या डुलताना दिसतात, सुंदर दिसतं. पण काठी कमरेच्या पट्ट्यात तोलणाऱ्याच्या मानेच्या शिरा, ती कलली की क्षणात पुढे होणारे चार हात, हे खाली घुसल्याशिवाय दिसत नाही. मेटलच्या गर्दीतल्या मॉश पिटचं अगदी तेच. क्रेनवरून पाहिलं तर पोरं एकमेकांना बदडताहेत. आत उभं राहिलं तर नियम कळतो: कुणी पडला की भोवतीचे थांबतात, त्याला उचलतात, चष्मा शोधून देतात, आणि मग पुन्हा धडका सुरू. माझ्या मित्राचा चष्मा मुंबईत असाच परत मिळाला. क्रेनवरून टिपलेल्या गर्दीत तो दिसण्यासारखा नव्हता.

एक गोष्ट मात्र हे माहितीपट मन लावून सांगतात, आणि ती सोलापूरला सांगण्यासारखी आहे. हे संगीत कारखान्याच्या गावात जन्मलं. जूडस प्रीस्टचा गायक रॉब हॅलफोर्ड शाळेजवळच्या पोलादाच्या कारखान्याचे घण सांगत असतो. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साल, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला, म्हणजे तारा सैल होतात आणि दुखत नाही. तो जडशीळ, खोल आवाज जगाला आवडला.

गेल्या महिन्यात काकांना मुद्दाम एका माहितीपटातला हा भाग दाखवला. माग बंद होते, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली. आयोमी हात पुढे करून टोपणं दाखवतो तिथे काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "मागे घे बे जरा." मी घेतलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. गाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, "मालकानं भरपाई दिली का त्याला?"

हा प्रश्न कुणी पडद्यावर विचारलेला मी पाहिला नव्हता.

(पुढच्या रविवारी : हलगी)